सुरय्या येईपर्यंत आमीन नाही

या वेळची गश्तक, म्हणजे मैत्रिणींची महिन्याची बैठक, सभ्य होणार, असं मुनव्वरने ठरवूनच टाकलं होतं.

सभ्य म्हणजे कशी? तर बायका खुर्च्यांवर बसणार. अंगणातल्या रुंद लाकडी तख्तावर मांडी ठोकून, लोडांना रेलून, सूर्यफुलाच्या बिया फोडत नाही. द्राक्षवेलीच्या मांडवाखाली लांब टेबल, त्यावर पांढरीशुभ्र चादर, सासूबाईंच्या कपाटातले बिलोरी पेले, मधोमध गुलाब, बर्फ घातलेलं चेरीचं सरबत. आणि बोलणं हळू. हा ‘हळू’ शब्द तिने मैत्रिणींच्या ग्रुपवर मुद्दाम वेगळा टाकला. त्यावर होसियतने हसून लोळणारे इतके चेहरे पाठवले की फोन उशीखाली ठेवावा लागला.

शाळेतल्या एकाच वर्गातल्या या बायका. चाळिशी कधीच उलटली, कुणी सासू झाली, कुणी आजी व्हायच्या बेतात, पण महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमायचं, खायचं, एकमेकींची उणीदुणी काढायची आणि शेवटी नाचायचं, हे काही चुकलं नाही. मागच्या महिन्यात बार्नोची पाळी होती. बार्नोचं बाजाराजवळ ब्यूटी पार्लर. तिने घरी न बोलावता हॉटेलच घेतलं, ज्यात मधोमध कारंजं. तेव्हापासून बार्नो कुठल्याही विषयावरून कारंज्यावर यायची. हवा गरम आहे म्हटलं की कारंजं. मुलीला नोकरी लागली म्हटलं तरी कारंजं.

“आमच्याकडे कारंजं नाही,” मुनव्वर नवऱ्याला म्हणाली, “पण पाट तर आहे. पाटातला गाळ काढा.”

रहमतजानने सकाळी सकाळी गाळ काढला. अंगणातून वाहणारा तो पाट, भिंतीखालच्या मोरीतून बाहेर गल्लीत जायचा. मोरीची जाळी गाळाने भरली होती, ती त्याने उपसून काढली, धुतली, उन्हात ठेवली आणि साफ विसरला. मग थंड व्हायला दोन कलिंगडं पाटात सोडली आणि मागच्या अंगणात आपल्या कढईकडे गेला. पुलावाच्या कढईला बायकोलाही हात लावू द्यायचा नाही, असा मर्गिलान शहरातल्या इतर पुरुषांसारखा त्याचाही बाणा.

होसियत सगळ्यांच्या आधी आली. बालवाडीच्या स्वयंपाकघरात राज्य करणारी ही बाई, दारातून आत यायची तर आधी हसणं यायचं, मग ती. आज मात्र ती हसत नव्हती. तिने मुनव्वरला गुलाबाच्या ताटव्यामागे ओढलं आणि फोन तिच्या कानाला लावला.

फोनमधल्या निरोपात आवाज होता त्यांच्या जुन्या मैत्रिणीचा, सुरय्याचा. चार वर्षांनी.

“होसियत, मी भाच्याच्या घरी आलेय, मर्गिलानलाच. आज तुमची गश्तक आहे असं बार्नो म्हणाली. मला मोकळीक मिळाली तर येईन. पण मुनव्वरला एक सांग. तिकडे आमीन होऊन गेलं असेल, तर मी उंबरा ओलांडणार नाही. उठलेल्या पंगतीत उष्ट्यावर बसायला मी येत नसते. बस्.”

मुनव्वरने ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. तिला नाचावंसं वाटायला लागलं.

“येतेय,” ती म्हणाली.

“येईन असं म्हणालीय,” होसियत म्हणाली. “कधी ते कुठे सांगितलंय?”

“कधीही येऊ दे. ती येईपर्यंत आमीन होणार नाही.”

“आणि तुझा नवरा? पुलाव आला की जेवायचं, जेवलं की आमीन, आमीन झालं की चपला.”

“पुलावही येणार नाही.”

“हे रहमतआकाला तू सांगणार की मी पळून जाऊ?”

भांडण झालं होतं भाकरीवरून. म्हणजे मुनव्वरच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा मुलाकडचे अचानकच आले, आजच नान मोडून शब्द पक्का करू म्हणाले. गडबडीत शेजारच्या चार बायकांना बोलावलं आणि नान मोडून मोकळे झाले. सुरय्याला फोन करायचं राहून गेलं. सुरय्याला! जिने त्या मुलीला पहिल्यांदा न्हाऊ घातलं होतं, जिच्या मांडीवर त्या मुलीचे दात आले! तिला ही बातमी ताश्कंदच्या एका केस कापायच्या दुकानात कळली, डोक्याला रंग लावून बसलेली असताना, एका तिऱ्हाईत बाईकडून. मुनव्वरने मग टॅक्सीवाल्याबरोबर मिठाई पाठवली. सुरय्याने निरोप पाठवला, “मुनव्वरचे पाय मोडलेत का?” त्यानंतर चार वर्षं दोघीही गप्प. आज जाऊ, उद्या जाऊ करत मुनव्वर गेली नाही. जितका उशीर होत गेला, तितकं जाणं अवघड होत गेलं. आता सुरय्या स्वतःच एक पाऊल पुढे टाकत होती, आणि ते पाऊल आमीनच्या अलीकडे पडायला हवं होतं.

साधी गोष्ट होती. पंगतीत जो सगळ्यांत वडीलधारा, तो शेवटी दुआला हात उचलणार, बाकीच्यांनी आमीन म्हणून उठायचं. तो हात उचलेपर्यंत बसून राहायचं. आज आठच मैत्रिणी, सगळ्या एकाच वयाच्या, हात उचलायला कुणाला घाई नव्हती. मुनव्वरने सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात भिंतीतलं छोटं दार करकरलं आणि तुर्सुनॉय खाला आत आल्या.

“समशाचा वास आला,” खाला म्हणाल्या. “म्हटलं, मला बोलवायचं विसरली असेल पोरगी. कामाच्या गडबडीत माणूस विसरतं.”

खाला म्हणजे रहमतजानची मावशी, शेजारच्याच घरात राहणारी. ऐंशीच्या पुढची. आयुष्यभर रेशीम कारखान्यात धागा गुंडाळला, त्यामुळे पाठ वाकली पण हात अजून वाऱ्यासारखे चालायचे. आणि त्या हातांचीच सगळ्या मोहल्ल्याला धास्ती होती. गेल्या वर्षी एका सुंतेच्या जेवणात खालांनी पाऊस पडतोय का ते बघायला दोन्ही तळवे पुढे केले. समोरच्या बाईने ते बघितलं आणि सवयीने म्हणाली, आमीन. तिचं बघून शेजारची. बघता बघता अख्ख्या मांडवाने चेहऱ्यावरून हात फिरवले, उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. शोरबासुद्धा वाढायचा होता. यजमानीण तीन दिवस शोरबा खात होती.

“खालाजान, या, या!” मुनव्वर म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला ‘आज हात उचलू नका’ असं सांगायचं कसं? त्यापेक्षा त्यांना घराबाहेर काढणं सोपं, आणि तेही करता येत नाही.

खालांनी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीला हात लावला. “ही काय दवाखान्यातली?” असं विचारलं आणि सरळ जाऊन तख्तावर सगळ्यांत वरच्या जागी, लोडाला टेकून बसल्या.

झालं. वडीलधारं माणूस तख्तावर बसलेलं असताना खुर्चीवर कोण बसणार? एकेक मैत्रीण येत गेली, टेबलाकडे बघून “अय्या, किती छान!” म्हणत गेली, पेल्यांचे फोटो काढत गेली, आणि सँडल काढून तख्तावर चढत गेली. बार्नो सगळ्यांत शेवटी आली, रेशमी झगा, उंच टाचा, कानात हलणारे झुमके. ती एकटी दोन मिनिटं खुर्चीवर बसली. लांब टेबलाच्या टोकाला, एकटीच, गुलाबांच्या मागे.

“बार्नो, तिकडून दिसतंय का गं आमचं तख्त?” होसियत ओरडली. “पत्र पाठव पोचलीस की!”

बार्नोनेही सँडल काढले.

“हळू,” मुनव्वर म्हणाली. कुणीच ऐकलं नाही.

समसे आले, मांस भरलेले, गरम, बोटं भाजणारे. कांद्याचा आणि चरबीचा वास पार बाहेरपर्यंत. टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आली, घट्ट सायीचा कायमाक आला, नान आले, जर्दाळू आले. प्रत्येकीच्या कानामागे सुवासिक रैहानची डहाळी. मुनव्वर दर थोड्या वेळाने फाटकाशी जाऊन गल्लीत डोकावायची. गल्ली रिकामी. खालांच्या दारासमोरचं तुतीचं जुनं झाड, त्याच्या बुंध्यापलीकडे काही दिसायचं नाही, अलीकडे कुणी नव्हतं. ती परत यायची.

आणि अशीच परत आली, तर खालांचा समसा खाऊन संपला होता. खालांनी बोटं पुसली. खालांनी पाठ सरळ केली. खालांचे दोन्ही हात मांडीवरून हळूहळू वर यायला लागले.

मुनव्वरने दोन ढांगांत तख्त गाठलं आणि त्या तळव्यांत चहाचा पियाला कोंबला.

“चहा, खालाजान!”

“अगं, आत्ता तर प्याले.”

“हा वेगळा आहे. घोट घोट घ्या.”

खालांनी घोट घोट घेतला. पियाला संपला, हात रिकामे झाले, मुनव्वरने जर्दाळूचा अख्खा वाडगा मांडीवर ठेवला. “खालाजान, मऊ मऊ निवडून द्या ना. तुमच्यासारखी पारख कुणाला आहे!” खालांनी निवडले. फार पटकन निवडले. आयुष्यभर कारखान्यात ठरलेल्या वेगाने काम केलेले हात ते, पाच मिनिटांत वाडगा रिकामा.

“मुनव्वर!” मागच्या अंगणातून रहमतजानची हाक आली. “तांदूळ घालतोय!”

ती धावत गेली. कढईतून वाफेचे लोट निघत होते, पिवळ्या गाजरांचा वास, रहमतजानचं तोंड भट्टीसारखं लाल.

“अहो, थांबा ना थोडं.”

“थांबू? तेल तयार, मांस तयार, देवझिरा तांदूळ भिजून फुलून बसलाय. काय, त्याला सांगू, बाबा रे, आमच्या बायकोची मैत्रीण यायचीय, तू परत सुकून जा?”

“हो. सांगा.”

“मुनव्वर, एकदा दमाला बसला की तो माझंही ऐकत नाही. झाकण काढायचं म्हणजे काढायचं.”

“सुरय्या येतेय हो,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा काही फाटला की रहमतजानने झारा खाली ठेवला. त्याने तिच्याकडे बघितलं. मग भट्टीतलं एक जळतं लाकूड ओढून बाजूला काढलं. मग दुसरं.

“जाळ कमी करतो,” तो म्हणाला. “पण माझा पुलाव चिकट झाला तर मर्गिलानमध्ये मी तोंड दाखवणार नाही. टोपीखाली तोंड लपवून फिरेन.”

ती परत आली तेव्हा बार्नोने तिचा दंड पकडला.

“मुना, काय चाललंय? त्या म्हातारीच्या हातात तू काय काय कोंबतेयस? मघाशी तिने नुसतं डोक्यावरचा रुमाल सारखा करायला हात उचलले तर तू तिच्या हातात उशी दिलीस!”

मुनव्वरने सांगून टाकलं. होसियतने त्यात मसाला घातला. बातमी कुजबुजत तख्तभर फिरली, आणि फिरता फिरता बायकांना चढलीच. आठ बायका आणि एक गुपित, समोर म्हातारी बसलेली, हसायचं तर नाही. एकीने नानमध्ये तोंड खुपसलं. एकीला उचकी लागली. बार्नोचे झुमके नुसतेच थरथरत होते.

“मी बघते,” बार्नो म्हणाली. “खालाजान, तुमची नखं बघू! अगं बाई, हे काय! द्या इकडे हात.” आणि पर्समधून तिने लालभडक नेलपॉलिश काढलं.

“मला? या वयात?”

“या वयातच. तरुणपणी सगळेच लावतात.”

खालांनी आयुष्यात पहिल्यांदा नेलपॉलिश लावून घेतलं. एकेका नखाला बार्नोने इतका वेळ लावला की होसियत म्हणाली, घर रंगवायला घे, तू भिंतच संपवणार नाहीस. मग दहाही बोटं पसरून वाळेपर्यंत धरायची. बोटं पसरलेली, हात समोर धरलेले. तळवे मात्र खाली, म्हणून कुणी आमीन म्हणालं नाही, पण दोघींचे हात अर्धवट चेहऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

पॉलिश वाळलं. होसियतने पळत जाऊन मुनव्वरच्या विणकामाच्या टोपलीतली रेशमाची लड आणली. “खालाजान, एवढी गुंडाळायचीय. लड धरता का?” खालांनी दोन्ही हातांवर लड ताणून धरली आणि होसियत गुंडाळत बसली. यापेक्षा चांगली बेडी कुणी बनवली नसती. होसियत मुद्दाम उलटं गुंडाळायची, गाठ पाडायची, सोडवायची. खालांना ते बघवेना.

“तुला कारखान्यात एका दिवसात हाकललं असतं,” खाला म्हणाल्या.

“बालवाडीतून पण हाकलतील, खाला, मी रोज मुलांच्या खिमटात पाय घालते.”

आता मात्र बायकांचा बांध फुटला. मुरकुंडी वळली. एक तर तख्तावरून घसरून खाली चपलांत जाऊन पडली आणि तिथूनच हसत राहिली. डफ निघाला, बार्नो वाजवायला लागली, दोघी नाचायला लागल्या, बिलोरी पेल्यात कुणी तरी बिया थुंकत होतं, आणि सभ्यपणा कुठल्या कुठे पळून गेला. मुनव्वर पण नाचली. फाटकाकडे बघत नाचली. हसता हसता तिच्या मनात येत होतं, ये ना गं. ये ना आता. ऊन भिंतीवर चढलं होतं, दिवेलागण व्हायला आली होती.

मागून आवाज आला. “दमाला बसला! आता अर्धा तास, आणि मग मी परात घेऊन येणार म्हणजे येणार! मैत्रीण येवो, नाहीतर राष्ट्राध्यक्ष येवो!”

रेशमाची लड संपत आली. खालांच्या मनगटांवर आता चार-पाचच धागे उरले होते. होसियतने मुनव्वरकडे डोळे मोठे करून बघितलं.

कलिंगड! दोन हातांत धरायची दोन भली मोठी कापं, कोपरांपर्यंत गळणारी. त्यात तर म्हातारी सहज अर्धा तास अडकेल. मुनव्वर पाटाकडे धावली.

पाटात एकच कलिंगड होतं. मोठं, तळाला रुतलेलं, तिच्या एकटीने उचलेना. धाकटं कुठंय? तिने पाण्याच्या दिशेने बघितलं. मोरी उघडी, काळी, आणि भिंतीला टेकून जाळी मस्त वाळलेली.

“अहो!” ती ओरडली. मग नवऱ्याशी भांडायला वेळ नाही हे लक्षात येऊन ती तशीच फाटकातून बाहेर पळाली. अनवाणी. कानामागे रैहान, झग्यावर कायमाक.

पाटाचं पाणी गल्लीतून खळखळत चाललं होतं. ती पाण्याच्या कडेने धावली, खालांच्या दारापुढून, तुतीच्या झाडाला वळसा घालून. आणि थांबली.

झाडामागच्या बाकड्यावर सुरय्या बसली होती. सँडल बाजूला काढलेले, पाय पाटात सोडलेले, झगा गुडघ्यापर्यंत ओला. शेजारी केकचा खोका, फीत बांधलेला. आणि मांडीवर, तान्हं मूल धरावं तसं, कलिंगड.



“हे तुझंय का?” सुरय्याने विचारलं. “वाहत आलं. म्हटलं पुढे रस्त्यावर गेलं तर गाडीखाली फुटेल.”

“कधीपासून बसलीयस?”

“समसे आले तेव्हापासून. वास इथपर्यंत आला.”

“तेव्हापासून? आणि आत का नाही आलीस?”

सुरय्याने कलिंगडावर बोटाने रेघ ओढली. “आमीनची वाट बघत होते.”

“काय?”

“फाटकापर्यंत आले आणि पाय पुढे पडेना. म्हटलं, आमीन ऐकू आलं की सुटले. मग कुणी म्हणणार नाही की सुरय्या घाबरून पळाली. उशीर झाला, बस्, शब्द म्हणजे शब्द. इथे बसून राहिले तर तुमचं आमीन होईचना! चहा काय, डफ काय, नाच काय. केक वितळायला लागला, मुना! काय करत होतात तुम्ही आत?”

“तुझ्यासाठी आमीन रोखून धरत होतो,” मुनव्वर म्हणाली, आणि हसायला गेली तर रडूच आलं. “खालांच्या नखांना लाल पॉलिश लावलंय आम्ही.”

“तुर्सुनॉय खालांच्या?”

“दहाच्या दहा.”

सुरय्याचे ओठ थरथरले. पण ती हसली नाही अजून.

“सुरी, मी यायला हवं होतं,” मुनव्वर म्हणाली. “नान मोडला त्याच दिवशी तुला फोन करायला हवा होता, नाही केला. मग स्वतः ताश्कंदला यायला हवं होतं. तुझ्या दारात उभं राहून शिव्या खायला हव्या होत्या. मी मिठाई पाठवली. टॅक्सीवाल्याबरोबर.”

“अर्धी.”

“अर्धी कशी? भरलेली टोपली होती!”

“माझ्याकडे अर्धी आली. मी म्हटलं, बघा, माफी पण अर्धीच मागतेय.”

“त्याने खाल्ली! अगं, त्या माणसाने वाटेत खाल्ली!”

“चार वर्षं,” सुरय्या म्हणाली, “मी तुला चिक्कू समजत होते.”

आणि आता दोघींना एकदमच हसू फुटलं, असं की कलिंगड मांडीवरून घसरायला लागलं आणि दोघींनी ते चार हातांनी धरलं. मुनव्वर पाटात गुडघाभर उभी, कलिंगड मध्ये, दोघींची कपाळं एकमेकींना टेकलेली.

त्याच क्षणी भिंतीपलीकडून, सगळ्या गळ्यांतून एकदम, आवाज आला.

“आमीन!”

आत झालं असं होतं. रेशीम संपलं. खालांनी मोकळे हात झटकले, वर बघितलं, डोक्यावर द्राक्षांचा एक कच्चा घड लटकत होता. भरलाय किती ते बघायला त्यांनी दोन्ही तळवे त्याच्याखाली नेले. बस्. समोरचीने बघितलं, सवयीने तोंडावर हात फिरवला, तिचं बघून पुढची, आणि होसियत, सगळं माहीत असलेली होसियत, तीही आमीन म्हणून बसली. मग तिने स्वतःचंच तोंड दाबलं. पण तोंडातून गेलेलं आमीन परत आत घालता येतं का?

बाहेर दोघींनीही ते ऐकलं होतं.

“झालं,” सुरय्या हळूच म्हणाली. आज दिवसभरात ‘हळू’ बोलणारी ती पहिली. “मी म्हटलं होतं, मुना. आमीन झाल्यावर उंबरा नाही. सगळ्यांनी ऐकलंय ते. होसियतने ऐकवलं असेल निम्म्या मर्गिलानला.”

फाटक उघडलं. बायका भेदरलेल्या तोंडाने बाहेर आल्या, कुणाच्या हातात सँडल, कुणाच्या हातात घरी न्यायचं गाठोडं, सगळ्यांत पुढे होसियत, “मुना, मला मार, मला मार,” करत. आणि झाडाजवळ त्यांना त्या दोघी दिसल्या. जी किंकाळी उठली तिने तुतीवरच्या चिमण्या उडाल्या. सगळ्या सुरय्याच्या गळ्यात, तिच्या ओल्या झग्याला, तिच्या केसांना. “आत चल! चल आत!”

“नाही,” सुरय्या म्हणाली. डोळे पुसत होती, पण मान हलवली. “शब्द दिलाय.”

“शब्द गेला पाटात!”

“नको,” मुनव्वर म्हणाली. “नका ओढू तिला.”

मुनव्वरने कलिंगड बाकड्यावर ठेवलं, झगा पिळला, आणि घराकडे तोंड करून अशी काही बोंब ठोकली की तिच्या सभ्यपणाचा शेवटचा तुकडाही फुटला.

“अहोऽऽ! झाकण काढा! परात बाहेर आणा! पंगत बाहेर आहे!”

मग त्या रिकाम्या खुर्च्यांचं, ज्यांच्यावर दिवसभर कुणी बसलं नव्हतं, त्यांचं नशीब उघडलं. दोन-दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन बायका फाटकातून बाहेर. लांब टेबल आडवं होऊन फाटकात अडकलं, होसियतने मागून ढुंगणाने धक्का दिला, सुटलं. पांढरी चादर, गुलाब, बिलोरी पेले, सगळी वरात गल्लीत. गल्लीत धूळ उडते म्हणून बार्नोने रबरी पाइप ओढला आणि पाणी मारायला गेली, तो पाइप मध्येच फाटलेला, पाण्याची धार सरळ आभाळात आणि तिथून बार्नोवर.

“कारंजं!” सगळ्या एका सुरात ओरडल्या. “बार्नो, तुझं कारंजं!”

भिजलेली बार्नो, वाहणारं काजळ, हातात पाइप. “बघितलंत ना,” ती म्हणाली, “मी जिथे जाते तिथे असतं.”

रहमतजान परात घेऊन फाटकात आला तेव्हा त्याला आपली गल्ली ओळखू येईना. तुतीखाली पांढरं टेबल, तारेवर टांगलेला दिवा, शेजारच्या घरांतून लोक आपापली स्टुलं घेऊन निघालेले, आणि टेबलाच्या वरच्या जागी, दवाखान्यातल्या खुर्चीवर, तुर्सुनॉय खाला, लाल नखांनी चादर चाचपून बघत.

“आमीन झालं ना आत?” त्याने विचारलं. “मग हे काय?”

“ती आतली पंगत होती,” मुनव्वर म्हणाली. “ती उठली. ही दुसरी आहे. सुरय्याची.”

रहमतजानने सुरय्याकडे बघितलं, मग टोपी सारखी केली. “आलीस का, बाई. तुझ्यापायी आज मी तांदळाशी खोटं बोललो.” आणि परात तिच्यापुढे ठेवली. पुलाव मोकळा होता. दाणा दाणा वेगळा. रहमतजानने हे आधी स्वतः वाकून बघितलं, मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

जेवण झालं. मोठं कलिंगड तिघांनी मिळून पाटातून काढलं, धाकटं सुरय्याने स्वतः कापलं. वितळलेला केक चमच्यांनी खाल्ला. आतल्या आणि बाहेरच्या चार वर्षांच्या बातम्या सगळ्या एकाच वेळी सांगत होत्या आणि सगळ्या ऐकतही होत्या. मुनव्वर सुरय्याच्या खुर्चीच्या हातावर बसली होती, खुर्च्या एवढ्या असूनही.

मग खालांनी शेवटचा घास गिळला. बोटं पुसली. पाठ सरळ केली. दोन्ही हात मांडीवरून हळूहळू वर यायला लागले, तळवे वर, लाल नखं दिव्याखाली चमकत.

समोरच्या बाईचे हात सवयीने उचललेच होते.

सुरय्या उठली, टेबलावरून वाकली, आणि खालांच्या एका हातात कलिंगडाचं एक भलं मोठं काप दिलं, दुसऱ्या हातात दुसरं.

“आत्ता नाही, खालाजान,” ती म्हणाली. “मी आत्ता तर आलेय.”

खालांनी दोन्ही कापांकडे बघितलं. मग सुरय्याकडे बघितलं.

“आता तुलाही झालं का?” त्या म्हणाल्या. “आज या पोरींना माझ्या हातांचं काय झालंय कुणास ठाऊक.” आणि डावीकडचं काप आधी चावलं.